मुलाला जीटीएचएलमध्ये खेळायचंय: टोरांटोच्या मराठी आईबाबांचे नेहमीचे प्रश्न

गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेताना, मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात, कुणाच्या बारशाला गेलं तरी कुणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, "तुमचा मुलगा आइस हॉकी खेळतो ना? आमच्याकडेही हट्ट सुरू झालाय." माझा मुलगा मिसिसॉगात सहाव्या वर्षी पहिल्यांदा बर्फावर उतरला. आज तो यू-१५ (पंधरा वर्षांखालील) वयोगटात एएए या सर्वांत वरच्या स्तराच्या संघात खेळतो. या वर्षांत मला जे प्रश्न पडले आणि इतरांनी मला जे विचारले, ते इथे एका जागी लिहून ठेवते आहे. आम्ही सुरुवात केली तेव्हा मराठीत सांगणारं कुणी नव्हतं.

जीटीएचएल म्हणजे नक्की काय?

ग्रेटर टोरांटो हॉकी लीग. मुलांच्या आइस हॉकीला इकडे मायनर हॉकी म्हणतात आणि जगातली सर्वांत मोठी मायनर हॉकी संघटना म्हणून हिचा लौकिक आहे. १९११ साली टोरांटोच्या पूर्वेकडच्या बीचेस भागात पाच संघांवर ती सुरू झाली. तेव्हाचं नाव बीचेस हॉकी लीग. पुढे टोरांटो हॉकी लीग झालं, १९७२मध्ये मेट्रोपॉलिटन टोरांटो हॉकी लीग आणि १९९८पासून आताचं नाव. जुने प्रशिक्षक अजूनही बोलता बोलता "एमटीएचएल" म्हणून जातात.

लीग सुरू करणारे फ्रेड वॅगहॉर्न स्वतः पंच होते. खेळ थांबवण्यासाठी पंच पूर्वी घंटा वाजवायचे, तिच्या जागी शिट्टी आणण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. फेस-ऑफला, म्हणजे खेळ सुरू करताना, पक (रबराची चकती) दोन खेळाडूंच्या मध्ये ठेवायच्या ऐवजी वरून टाकायची पद्धतही त्यांचीच. तुमच्या मुलाच्या पहिल्या सामन्यात पंच पक टाकेल ना, तेव्हा आठवा.

ए, एए आणि एएए यांत फरक काय? हाऊस लीग म्हणजे खालची पायरी का?

तळाला हाऊस लीग असते. नाव नोंदवलं की प्रत्येक मुलाला संघ मिळतो, आठवड्यातून एखादा सराव आणि एखादा सामना. तिच्यावर सिलेक्ट, म्हणजे हाऊस लीगमधल्याच निवडक मुलांचा संघ. त्याच्यावर स्पर्धात्मक हॉकी, जिला सगळे 'रेप' म्हणतात. तिचे तीन स्तर आहेत: ए, एए आणि सर्वांत वर एएए. जीटीएचएलमध्ये स्पर्धात्मक संघ यू-१०पासून, म्हणजे नऊ वर्षांच्या मुलांपासून सुरू होतात.

एएएमध्ये डझनभर क्लब आहेत. टोरांटो मार्लबरोज, टोरांटो ज्युनियर कॅनेडियन्स, डॉन मिल्स फ्लायर्स, व्हॉन किंग्ज, मिसिसॉगा सेनेटर्स ही नावं तुमच्या कानावर येतीलच. एका संघात साधारण १७ मुलं असतात, त्यांत दोन गोलकीपर. हिशेब सोपा आहे: एका वयाची जेमतेम दोनशे मुलं एएएमध्ये खेळतात.

हाऊस लीगला खालची पायरी समजू नका, हे मी मनापासून सांगते. तिथे मुलाला प्रत्येक सामन्यात भरपूर खेळायला मिळतं. एएएमध्ये बेंचवर बसून गोठण्यापेक्षा हाऊस लीगमध्ये पक स्टिकशी असणं लहान वयात कितीतरी मोलाचं. शिवाय दरवर्षी संघ नव्याने निवडले जातात. आमचा मुलगा दोन वर्षं सिलेक्टमध्ये, मग दोन वर्षं एएमध्ये होता आणि त्यानंतर वर गेला. घाईने त्याचं काही भलं झालं असतं असं मला वाटत नाही.

आम्ही ब्रॅम्पटनला (किंवा ओकव्हिलला) राहतो. चालेल का?

जीटीएचएलचा प्रदेश म्हणजे टोरांटो, मिसिसॉगा, मार्कम, व्हॉन हा पट्टा. ब्रॅम्पटन आणि ओकव्हिलची मायनर हॉकी ओएमएचएकडे, म्हणजे ऑन्टारिओ मायनर हॉकी असोसिएशनकडे येते. ऑन्टारिओतल्याच लंडन, वॉटर्लू, हॅमिल्टनकडे अलायन्स हॉकी. हे सगळे ऑन्टारिओ हॉकी फेडरेशनच्या छत्राखाली आणि तिच्यावर हॉकी कॅनडा. एएए प्रत्येकाकडे आहे, त्यामुळे फक्त हॉकीसाठी घर बदलू नका.

कोणत्या पत्त्यावरच्या मुलाने कुठे खेळायचं याचे नियम असतात आणि ते बदलतातही. क्लबच्या कुणीतरी सांगितलं म्हणून धरून चालू नका, त्या हंगामाचा नियम लेखी मागून घ्या. हा वाद जुनाच आहे. पुढे हॉकीतला सर्वांत मोठा खेळाडू ठरलेला वेन ग्रेट्झ्की १४ वर्षांचा असताना ब्रँटफर्ड सोडून टोरांटोला खेळायला आला, तेव्हा त्याच्या घरच्यांनाही याच कारणाने कायदेशीर झगडा करावा लागला होता.

कितव्या वर्षी सुरू करावं? आमची मुलगी नऊची झाली, उशीर झाला का?

नाही झाला. पण क्रम चुकवू नका. आधी स्केटिंग, मग स्टिक. स्केट कॅनडाचा कॅनस्केट हा कार्यक्रम गावोगावच्या रिंकवर (बर्फाच्या मैदानावर) चालतो, पडायचं कसं आणि उठायचं कसं इथपासून शिकवतात. हॉकी अजिबात न खेळलेल्या ६ ते १० वर्षांच्या मुलांसाठी फर्स्ट शिफ्ट नावाचा कार्यक्रम आहे. त्यात डोक्यापासून पायापर्यंत सगळं सामान मिळतं, म्हणून नव्या कुटुंबांसाठी तो मला सर्वांत सोयीचा वाटतो.

हिवाळ्यात मिसिसॉगाच्या सेलिब्रेशन स्क्वेअरवर किंवा टोरांटोच्या नेथन फिलिप्स स्क्वेअरवर मुलाला नुसतं फिरायला न्या. आपणही स्केट्स बांधा. आई पडते आणि पुन्हा उठते हे मुलाने पाहिलं की त्याची भीती निम्मी होते.

लहान वयोगटांत, यू-७ला आणि यू-९च्या हंगामाच्या बऱ्याच भागात, मुलं रिंकच्या तुकड्यावर खेळतात, पूर्ण रिंकवर नाही. "खरा सामना कुठाय?" असं आजोबा विचारतील. लहान जागेत प्रत्येकाच्या वाट्याला पक जास्त वेळा येतो, म्हणून तसं करतात.

ट्रायआउटला काय बघतात?

एएएचे ट्रायआउट, म्हणजे निवड चाचण्या, हंगाम संपता संपता, वसंतात होतात. मुलं नंबर लावलेली जर्सी घालून उतरतात आणि प्रशिक्षक स्टँडमध्ये वही घेऊन बसतात. सगळ्यात आधी स्केटिंग बघतात: स्केटच्या पात्याच्या कडेवर वळता येतं का, मागे स्केट करता येतं का, थांबून पुन्हा वेग घेता येतो का. मग पक नसताना मुलगा काय करतो हे बघतात. आपल्या पालकांचं लक्ष गोलांकडे असतं. त्यांचं लक्ष मुलगा बचावासाठी धावत परत येतो की नाही याकडे असतं.

एक कडू गोष्ट सांगते. काही संघांची बरीचशी निवड ट्रायआउटच्या आधीच झालेली असते. हंगामभर प्रशिक्षक सामने बघत असतात, उन्हाळ्यातल्या स्पर्धांत मुलं एकत्र खेळलेली असतात, घराघरांत बोलणी झालेली असतात. एका वर्षी एका क्लबमध्ये आमच्या मुलाला तिसऱ्या फेरीपर्यंत बोलावलं. चौथ्या दिवशी कळलं की जागा आठवड्यापूर्वीच भरल्या होत्या. गाडीत तो एक शब्द बोलला नाही. तेव्हापासून ट्रायआउटचे पैसे भरण्याआधी मी प्रशिक्षकांना सरळ विचारते, "या वर्षी किती जागा खऱ्या अर्थाने मोकळ्या आहेत?" चांगले प्रशिक्षक खरं उत्तर देतात.

मुलाचा जन्म डिसेंबरचा आहे. तोटा होतो का?

हो, आणि तो मोजला गेलेला आहे. वयोगट जन्मवर्षावर ठरतो, त्यामुळे जानेवारीतला मुलगा आणि डिसेंबरातला मुलगा एकाच संघात येतात. नऊ वर्षांच्या वयात अकरा महिने म्हणजे बोटभर उंची आणि बरीच ताकद. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं की वरच्या स्तरावरच्या हॉकीपटूंमध्ये वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले फार जास्त आणि शेवटच्या तीन महिन्यांतले फार कमी असतात. मोठा दिसतो म्हणून निवडतात, निवडला म्हणून जास्त सराव मिळतो आणि फरक वाढत जातो.

म्हणून ऑक्टोबर-डिसेंबरच्या मुलांच्या आईबाबांनी बाराव्या वर्षापर्यंतचे निकाल मनाला लावून घेऊ नयेत. वाढ झाली की चित्र बदलतं. तोवर त्याला खेळात टिकवून ठेवणं एवढंच आपलं काम.

खर्च किती?

एएए संघाचं वर्षाचं शुल्क हजारो डॉलरमध्ये असतं आणि ते क्लबनुसार, वयानुसार बरंच बदलतं. पण शुल्क ही केवळ सुरुवात. बाहेरगावच्या स्पर्धा, हॉटेल, पेट्रोल, स्केट्सना धार, तुटलेल्या स्टिक, उन्हाळी शिबिरं, खाजगी स्केटिंगचे तास. सगळं धरलं तर वर्षाचा आकडा पाच अंकी झाला तरी नवल नाही. गोलकीपरचं सामान वेगळंच महाग.

बजेट लेखी मागा. संघाच्या व्यवस्थापकाने हंगामाच्या सुरुवातीला ते पालकांपुढे ठेवायला हवं, आणि मागायला लाजू नका. सामान जुनं घेतलं तर खूप वाचतं. पाय वाढतात, त्यामुळे दुकानात वर्षभर वापरलेले चांगले स्केट्स सहज मिळतात. मात्र हेल्मेट नवं घ्या, त्याच्यावर सीएसए या कॅनडाच्या मानक संस्थेचा शिक्का आणि पुढे पूर्ण जाळी असलीच पाहिजे. पैशांची अडचण असेल तर जम्पस्टार्ट ही संस्था मुलांच्या खेळाच्या शुल्कासाठी मदत करते. अर्ज करण्यात कसलाही कमीपणा नाही.

रोजचं वेळापत्रक खरंच इतकं कठीण असतं का?

हंगाम सप्टेंबर ते मार्च-एप्रिल. एएएमध्ये आठवड्यातले चार-पाच दिवस बर्फावर जातात, त्यात जिम वेगळी. एक शनिवार सांगते. पहाटे पाच वाजता उठून मी पोहे करते आणि रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये भरते. साडेसहाचा सामना स्कोशियाबँक पॉन्ड या रिंकवर. गाडीच्या डिकीतली बॅग रात्री तळघरात पंख्यासमोर वाळवलेली असते. ती वाळवली नाही तर दुसऱ्या दिवशी ओल्या हातमोज्यांचा वास घरभर पसरतो आणि मुलाच्या तळव्यांना पुरळ उठतं. ड्रेसिंग रूमबाहेर बाकावर बसून तो स्टिकच्या पात्याला टेप गुंडाळतो, टाचेकडून टोकाकडे, प्रत्येक वळसा आधीच्यावर अर्धा चढवून. मग मेणाची वडी घासतो. या दहा मिनिटांत मी त्याच्याशी बोलत नाही, ती त्याची तयारी असते. पूर्वी स्केट्सच्या नाड्या मी ओढून बांधायचे आणि बोटं लाल व्हायची. दहाव्या वर्षी तो म्हणाला, "आई, मी बांधतो." त्या दिवशी मला फार बरं वाटलं आणि थोडं वाईटही.

सणांचं म्हणाल तर गणपती हंगामाच्या तोंडावर येतात आणि दिवाळीच्या आसपास हमखास एखादी स्पर्धा असते. आम्ही प्रशिक्षकांना ऑगस्टमध्येच दोन तारखा देतो: गणेश चतुर्थी आणि लक्ष्मीपूजन. आजवर एकाही प्रशिक्षकाने नाही म्हटलेलं नाही, फक्त आधी सांगावं लागतं. धाकटी लेक मात्र या सगळ्यात दादाच्या मागे फरफटते. तिच्या नृत्याच्या वर्गाचा दिवस आमच्याकडे हॉकीसाठी कधीच बदलत नाही. दोन मुलं असतील तर असा एखादा नियम घरात करून ठेवाच.

डोक्याला मार लागण्याची फार भीती वाटते.

भीती खरी आहे. २०१३मध्ये हॉकी कॅनडाने तेव्हाच्या पीवी म्हणजे आताच्या यू-१३ आणि त्याखालच्या गटांत बॉडी चेकिंग, म्हणजे अंगाने धडक देऊन समोरच्याला अडवणं, बंद केलं. एएएमध्ये ते यू-१४पासून सुरू होतं. अंगावर येणारा धक्का कसा घ्यायचा, बोर्डजवळ (रिंकभोवतीच्या भिंतीजवळ) डोकं वर कसं ठेवायचं हे त्याआधीच्या वर्षात शिकवायला हवं. तुमचा प्रशिक्षक ते शिकवतो का, हे विचारा.

ऑन्टारिओमध्ये रोवन्स लॉ नावाचा कायदा आहे. रोवन स्ट्रिंगर ही ओटावाची १७ वर्षांची रग्बी खेळाडू. काही दिवसांच्या अंतराने डोक्याला पुन्हापुन्हा मार बसला, तरी ती खेळत राहिली आणि २०१३मध्ये गेली. तिच्या नावाने २०१८मध्ये हा कायदा झाला. त्यामुळे दरवर्षी खेळाडूने आणि पालकांनी कन्कशनची (मेंदूला बसणाऱ्या धक्क्याची) माहिती वाचून तसं नोंदवावं लागतं. नुसता संशय आला तरी मुलाला तत्काळ खेळातून बाहेर काढतात आणि डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनरच्या परवानगीशिवाय परत घेत नाहीत. तो फॉर्म न वाचता टिक करू नका. मुलासोबत बसून वाचा. "डोकं दुखतंय हे सांगितलं तर बसवतील" म्हणून मुलं गप्प राहतात. सांगितलं म्हणून घरात कुणी रागावणार नाही, हे त्याला आपल्या तोंडून ऐकायला मिळालं पाहिजे.

गळ्याचं संरक्षण आणि माउथगार्ड सक्तीचे आहेत. एकदा गळपट्टी घरी राहिली आणि मुलाला बर्फावर उतरू दिलं नाही. तेव्हा राग आला होता. स्केटच्या पात्याने काय होऊ शकतं हे कळल्यावर पंचाचे आभारच मानले. आता गाडीत एक जास्तीची गळपट्टी कायम असते.

मुलींचं काय?

मुलींच्या हॉकीसाठी ऑन्टारिओ विमेन्स हॉकी असोसिएशन ही वेगळी आणि मोठी संघटना आहे. पण मुलीला मुलांच्या संघात खेळायचं असेल तर तेही शक्य आहे, आणि ते याच लीगमधल्या एका मुलीमुळे. जस्टिन ब्लेनी हिची १९८५मध्ये मुलांच्या संघात निवड झाली, पण मुलगी म्हणून तिला खेळू दिलं नाही. खेळांत असा भेद करायची मोकळीक ऑन्टारिओच्या मानवाधिकार कायद्यातच होती. ती शाळकरी मुलगी कोर्टात गेली. १९८६मध्ये ऑन्टारिओच्या अपील न्यायालयाने ते कलम रद्द केलं. ही गोष्ट मी माझ्या लेकीला झोपताना सांगितली आहे.

आता २०२४पासून महिलांची व्यावसायिक लीग, पीडब्ल्यूएचएल सुरू झाली आहे. टोरांटोच्या सेप्टर्स संघाचा सामना मुलींना दाखवाच.

आपली मुलं तिथे एकटी पडतात का?

संघात आपला मुलगा एकटाच भारतीय असू शकतो. मित्र होतात, हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये मिनी-स्टिक खेळताना कुणी कुणाचं आडनाव विचारत नाही. पण अपशब्द ऐकू येतात हेही खरं आहे. आमच्या मुलाने एकदा ऐकला आणि आठवडाभर आम्हाला सांगितलं नाही. हॉकी कॅनडाच्या नियमपुस्तकात वंश, धर्म, वर्ण यांवरून बोलण्यासाठी थेट मोठी शिक्षा आहे आणि सुनावणी होईपर्यंत खेळाडू निलंबित राहतो. मुलाला हा नियम माहीत असू द्या. ऐकू आलं की लगेच पंचाला किंवा प्रशिक्षकाला सांगायचं आणि आपण त्याच दिवशी लेखी तक्रार करायची. "जाऊ दे रे, लक्ष देऊ नकोस" हे आपलं घरगुती उत्तर इथे उपयोगाचं नाही.

कपडे बदलण्याचा संकोच वाटत असेल तर तोही आता मिटला आहे. २०२३पासून ड्रेसिंग रूममध्ये टी-शर्ट, शॉर्ट्ससारखे आतले कपडे घालूनच राहायचं असा नियम आहे, मुलं ते घरूनच घालून येतात.

पुढे पोचलेल्यांचं उदाहरण हवं असेल तर मॅनी मल्होत्रा आहे: मिसिसॉगात जन्म, वडील भारतीय, १९९८च्या एनएचएल (नॅशनल हॉकी लीग या सर्वोच्च व्यावसायिक लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने खेळाडू निवडायच्या प्रक्रियेत, सातवा आणि पुढे एनएचएलमध्ये ९९१ सामने.

शाकाहारी मुलाला जमतं का?

जमतं. सामन्याआधी दोन तास पोहे किंवा दहीभात, नंतर दूध-केळं, रात्री भरपूर डाळ, पनीर. स्पर्धेच्या गावी संघाचं जेवण बहुधा पिझ्झा किंवा पास्ता असतं. आम्ही राइस कुकर सोबत नेतो. पहिल्या वर्षी मुलाला अवघड वाटलं, दुसऱ्या वर्षी अर्धा संघ आमच्या खोलीत खिचडी खायला आला.

एनएचएलपर्यंत जाईल का?

या लीगमधून कॉनर मॅकडेव्हिड आणि जॉन टवारेस गेले, दोघेही मार्लबरोजचे. मिच मार्नर आणि शेन राइट डॉन मिल्सचे. ही नावं प्रत्येक रिंकच्या भिंतीवर आहेत आणि म्हणूनच प्रत्येक पालकाच्या डोक्यात आहेत.

पुढची पायरी म्हणजे यू-१६चं वर्ष. त्या वर्षाच्या शेवटी ओएचएलचा, म्हणजे ऑन्टारिओ हॉकी लीग या ज्युनियर लीगचा ड्राफ्ट होतो. संघ वीस, फेऱ्या पंधरा. निवड झाली तरी संघात जागा मिळेलच असं नाही, आणि मिळाली तर सोळाव्या वर्षी मुलगा विंडसर, सडबरी किंवा थेट अमेरिकेतल्या ईरीला एका परक्या कुटुंबात राहायला जातो. त्या घराला बिलेट म्हणतात. दहावी-अकरावीतलं मूल घराबाहेर, हा विचार आपल्याकडे ड्राफ्टच्या आदल्या रात्री होतो. तो दोन वर्षं आधी व्हायला हवा.

एक चांगला बदल झाला आहे. पूर्वी ओएचएलमध्ये खेळलं की अमेरिकन विद्यापीठांच्या एनसीएए हॉकीचं दार बंद व्हायचं, त्यामुळे पंधराव्या वर्षी कायमचा निर्णय घ्यावा लागे. ऑगस्ट २०२५पासून ती अट गेली आहे. जुने पालक अजून जुनाच सल्ला देतात, तेव्हा हे लक्षात ठेवा. शिवाय ओएचएलमध्ये खेळलेल्या प्रत्येक हंगामाच्या बदल्यात शिक्षणासाठी शिष्यवृत्ती असते. कराराचा तो भाग नीट वाचा.

पण नऊ वर्षांच्या मुलासाठी हा प्रश्न विचारत असाल तर मी उत्तर देणार नाही. त्याला बर्फावर जायला आवडतं का, तेवढं बघा.

उन्हाळ्यात भारतात गेलो तर सराव बुडतो.

बुडू द्या. पुण्या-मुंबईत मोठा बर्फाचा रिंक मिळेल अशी आशा ठेवू नका, पण चाकांचे स्केट्स न्या, पुण्यात स्केटिंगची चांगली परंपरा आहे. नाहीतर नुसतं गल्लीत क्रिकेट खेळू द्या. त्याच त्या स्नायूंना वर्षभर तेच काम देण्यापेक्षा सहा आठवडे आजीकडचे आंबे बरे.

निवड झाली नाही, आणि आता म्हणतो हॉकी नको. काय करू?

दोन आठवडे काहीच करू नका. गाडीत उपदेश नको. बॅग तळघरात ठेवा, पण देऊन टाकू नका. आमच्याकडे असं झालं होतं तेव्हा सतराव्या दिवशी खालून टेप फाडल्याचा आवाज आला. तो पायरीवर बसून जुन्या स्टिकला नवी टेप लावत होता. मी न बोलता चहा टाकला.